नागपूरची धूळ: एकच शहर, तीन मापं

एखाद्या शहराचा पीएम १०चा (१० मायक्रॉनच्या आतल्या धुळीचा, घनमीटर हवेमागे मायक्रोग्रॅममध्ये) वार्षिक आकडा आदल्या वर्षी ८० होता आणि यंदा १०५ आला, तर धुळीला बोल लावण्याआधी हवा मोजणाऱ्या केंद्रांची यादी काढून बघावी. नागपुरात हवा सतत मोजणारं यंत्र बरीच वर्षं एकाच ठिकाणी होतं, सिव्हिल लाइन्समध्ये, जीपीओसमोर. रुंद रस्ते, जुनी झाडं, सरकारी बंगले आणि त्यांची मोठाली आवारं, असा तो भाग. पुढे महाल, अंबाझरी आणि रामनगर इथल्या केंद्रांची भर पडली. महालात गल्ल्या अरुंद, दुकानं रस्त्याला लागून आणि दुचाक्यांची रीघ दिवसभर. या चारांची सरासरी काढून तिला 'नागपूर' म्हटलं की शहराचा आकडा एका रात्रीत बदलतो. हवेला त्याचा पत्ताही नसतो.

या प्रकरणात प्रश्न एकच घेतला आहे. नागपूरची धूळ काळाच्या ओघात वाढली की घटली हे ठरवायचं, तर हातात काय आहे, ते कुठे तुटलेलं आहे आणि सांधायचं कसं? पुढच्या हिशेबांतली वजनं आणि पातळ्या हिशेब कळावा म्हणून घेतल्या आहेत, त्या कुठल्याही केंद्राच्या नोंदी नाहीत. सूत्रं, कायदेशीर मर्यादा आणि यंत्रांची मापं मात्र प्रत्यक्षातली आहेत.

मालिका कुठे तुटते

कागदांची वाण नाही. नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं, मुख्यालय नागपुरातच आहे, आणि या संस्थेने १९७८पासून देशातल्या ज्या दहा शहरांत हवा मोजायला घेतली त्यांत नागपूर होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८४ साली आग्रा आणि अनपारा इथल्या ७ केंद्रांवर सुरू झाला आणि मग देशभर पसरला. महाराष्ट्रात तो राज्याचं मंडळ चालवतं. नागपुरात उत्तर अंबाझरी रोडवरची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची इमारत, सदरचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आणि हिंगणा रोडची एमआयडीसी ही हाताने नमुने घेण्याची जुनी ठिकाणं.

पण सुरुवातीला मोजायचे ते एसपीएम, म्हणजे हवेत तरंगणारी सगळी धूळ, जाड-बारीक एकत्र. नंतर हवा ओढून नमुना घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे सॅम्पलरला, सायक्लोन बसला. त्यात हवा गरगर फिरते, जाड कण खालच्या कपामध्ये पडतात आणि १० मायक्रॉनच्या आतले फिल्टर पेपरवर बसतात. त्या काळी याला आरएसपीएम म्हणायचे, आज पीएम १० म्हणतात. १९९४च्या मानकांत एसपीएम आणि आरएसपीएम दोन्ही होते. नोव्हेंबर २००९मध्ये नवी मानकं आली, एसपीएम यादीतून गेला आणि पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनच्या आतली बारीक धूळ, आला. मग आली सतत चालणारी यंत्रं. एका शहराची एक रेष काढायला बसावं, तर हातात तीन वेगळ्या फूटपट्ट्या.

२००९मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिची आठवण फार थोड्यांना असते. आधी निवासी आणि औद्योगिक भागांना वेगळी मर्यादा होती. आरएसपीएमची वार्षिक मर्यादा निवासी भागात ६०, औद्योगिक भागात १२०. नव्या मानकांनी सगळीकडे ६० केली. हिंगण्यासारख्या औद्योगिक भागात वार्षिक सरासरी दोन्ही वर्षी १०० असली, तरी ती आधी 'मर्यादेत' होती आणि नंतर 'मर्यादेबाहेर' गेली. म्हणून 'किती केंद्रं मर्यादेबाहेर' हा आकडा घेऊन जुनं आणि नवं ताडून बघू नये. मायक्रोग्रॅमच बघावेत.

एका फिल्टर पेपरचा हिशेब

हाताने घेतलेल्या नमुन्याची मालिका सगळ्यांत लांब, आणि चुकाही तिच्यातच सगळ्यांत जास्त. फिल्टर पेपर काचेच्या तंतूंचा, ८ बाय १० इंचांचा. आधी तो उजेडासमोर धरून भोक किंवा चीर आहे का बघायचं. मग २४ तास ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचा (२० ते २५ अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली), वजन करायचं आणि नंबर घालायचा. सॅम्पलर गच्चीवर. पाळ्या आठ-आठ तासांच्या, म्हणजे दिवसाला तीन पेपर. वायूंसाठी इम्पिंजरच्या बाटल्या (त्यांतल्या द्रावणात वायू शोषला जातो) चार-चार तासांनी बदलायच्या. पेपर काढताना धूळ आत राहील अशी मधोमध घडी घालायची, पाकिटात घालायचा, प्रयोगशाळेत पुन्हा २४ तास ठेवायचा आणि पुन्हा वजन.

समजा आधीचं वजन २.८१५० ग्रॅम, नंतरचं २.८७८४. धूळ भरली ०.०६३४ ग्रॅम, म्हणजे ६३,४०० मायक्रोग्रॅम. प्रवाह मिनिटाला १.१ घनमीटर, वेळ ४८० मिनिटं, म्हणून हवा ५२८ घनमीटर. भागाकार १२०.

आता हेच बिघडवून बघू. पेपरवर धूळ साठत जाते तसा प्रवाह मंदावतो. शेवटी तो ०.९वर आला असेल तर सरासरी १.०, हवा ४८० घनमीटर आणि उत्तर १३२. प्रवाह दाखवणारा मॅनोमीटर फक्त सुरुवातीला वाचला तर १२ मायक्रोग्रॅम कागदावरून गायब. गंमत म्हणजे ही चूक जास्त धुळीच्या दिवशीच जास्त होते, कारण पेपर त्याच दिवशी जास्त तुंबतो. वाईट दिवस कागदावर थोडे बरे दिसतात.

दुसरं, लाइट. रात्री १० ते सकाळी ६च्या पाळीत दीड तास वीज गेली. सॅम्पलर ३९० मिनिटं चालला, हवा ओढली ४२९ घनमीटर, धूळ जमली ५१.५ मिलिग्रॅम. खरं उत्तर १२०. पण वेळमापकाचा काटा न बघता वहीत '८ तास' लिहिलं की उत्तर ९७.५ येतं. शंभरची २४ तासांची मर्यादा चुपचाप पाळली गेली! वहीत सलग महिनाभर प्रत्येक पाळी बरोबर ४८० मिनिटांची दिसली, तर ती वही बघून लिहिलेली नाही असं खुशाल समजावं.

तिसरं, पेपरची कड. काचेचे तंतू ठिसूळ असतात आणि सॅम्पलरच्या रबरी गॅस्केटला चिकटतात. पेपर उचलताना कडेचे ३ मिलिग्रॅम तंतू मागे राहिले, तर आकडा जवळपास ६ने घसरतो. म्हणून पेपर काढल्यावर गॅस्केट बघायची आणि तिला पांढरी लव दिसली तर तो नमुना बाद करायचा. पावसाळ्यात उलट घडतं. पेपर पुरेसा न सुकवता घाईघाईने वजन केलं, तर धुळीबरोबर ओलही मोजली जाते. ५ मिलिग्रॅम ओल म्हणजे ९ ते १० मायक्रोग्रॅमची वाढ, आणि तीही ज्या महिन्यांत हवा सगळ्यांत स्वच्छ असते त्या महिन्यांत.

पीएम २.५चा सॅम्पलर याहून नाजूक. तो मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे दिवसभरात फक्त २४ घनमीटर हवा ओढतो. पातळी ६० असेल तर ४७ मिलिमीटरच्या गोल फिल्टरवर दिवसाअखेर १.४४ मिलिग्रॅम जमतं. इथे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा वजनकाटा चालत नाही. त्याच्या एका घराची चूक ४ मायक्रोग्रॅमची होते. मायक्रोग्रॅम वाचणारा काटा लागतो, आणि त्याच्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो.

मे महिन्याचं नागपूर

पारा ४५च्या पुढे गेला की यंत्रांचंही डोकं तापतं. सल्फर डायऑक्साइडसाठी बाटलीतल्या द्रावणातून चार तास हवा जाते. ३० मिलिलिटरमधलं पाणी उन्हात उडून जातं, म्हणून शेवटी खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विसरलं तर द्रावण घट्ट राहतं आणि रंगाची तीव्रता चुकते. द्रावणात पकडलेला सल्फर डायऑक्साइड उष्णतेत हळूहळू सुटतोही. बाटल्या बर्फाच्या पेटीत न ठेवता स्कूटरच्या डिकीतून आणल्या, की उन्हाळ्यात शहराचा सल्फर डायऑक्साइड आपोआप कमी होतो. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं शहराच्या उत्तरेला असताना ही चूक परवडणारी नाही.

धुळीच्या बाबतीत मेची खोच निराळी आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर. मेच्या दुपारी ४५ अंश तापमान आणि सुमारे ९७० हेक्टोपास्कल दाब असेल, तर एक घनमीटर हवा २५ अंश आणि १०१३ हेक्टोपास्कलच्या प्रमाणित स्थितीत आणल्यावर आकसते. हिशेब असा (तापमान केल्विनमध्ये, म्हणजे अंशांत २७३ मिळवून): ३१८ भागिले २९८, गुणिले १०१३ भागिले ९७०, बरोबर १.११. तीच धूळ 'प्रत्यक्ष' घनमीटरमागे १०० असेल, तर 'प्रमाणित' घनमीटरमागे १११ भरते. हिवाळ्यात २० अंश आणि ९८० दाबाला हाच फरक २ टक्क्यांच्या आत राहतो. जुना सॅम्पलर एका पद्धतीने नोंद करत असेल आणि नवं यंत्र दुसऱ्या, तर दोघांत दर उन्हाळ्यात फट पडते आणि दिवाळीपर्यंत बुजते. कितीतरी अहवालांत या फटीला 'उन्हाळी धूळ' म्हटलेलं सापडेल. यंत्राच्या सेटिंगच्या पानावर बघितलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

आणि कूलर. नागपुरात मार्च उजाडला की गच्चीवर, खिडकीला, मिळेल तिथे कूलर बसतात. इनलेट, म्हणजे यंत्राचं हवा आत घेणारं तोंड, जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावा, त्याच्याभोवती किमान २७० अंशांतून हवा मोकळी यावी आणि झाड २० मीटरपलीकडे असावं, हे नियम केंद्र बसवताना पाळले जातात. कूलर नंतर येतो. तो शेजारची हवा ओढतो, दमट करतो आणि इनलेटभोवतीची हवेची वाट बदलतो. म्हणून केंद्राचे फोटो चारही दिशांनी, वर्षातून दोनदा काढायचे: एकदा जानेवारीत, एकदा मेमध्ये.

पट्टीवर बसलेली धूळ

सतत मोजणाऱ्या केंद्रात धूळ बहुतेक बीटा यंत्राने मोजतात. आत फिल्टरच्या पट्टीचं रीळ असतं. पट्टीच्या एका ठिपक्यावर धूळ जमते आणि कार्बन-१४च्या स्रोतातून निघणारे बीटा किरण त्या ठिपक्यातून किती कमी पार होतात, त्यावरून वजन कळतं. मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे तासाला एक घनमीटर. पातळी १२० असेल तर ठिपक्यावर १२० मायक्रोग्रॅम. गच्चीवरच्या पेपरने आठ तासांत ६३ मिलिग्रॅम गोळा केले होते. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण दोघींचे आजार वेगळे. पेपरवाली पद्धत माणसाच्या हातात चुकते, बीटा यंत्र ओलाव्यात. इनलेटचा हीटर बंद पडला की डिसेंबरच्या धुक्यात आणि जुलैच्या झडीत ते पाण्यालाही धूळ समजतं. ओळखायची खूण सोपी आहे: पीएम २.५ पीएम १०च्या वर गेलेला दिसतो. बारीक धूळ एकूण धुळीपेक्षा जास्त असूच शकत नाही, तेव्हा असा तास बाद. पट्टी तुटली किंवा संपली तर आकडा तासन्‌तास एकाच जागी अडकतो. दर १५ मिनिटांनी सर्व्हरवर जाणाऱ्या नोंदींत एकच संख्या सलग तीन तास दिसली, की फोन करायचा.

१०४ दिवसांत काय हरवतं

मानक सांगतं की वार्षिक सरासरीला एका ठिकाणची किमान १०४ मापनं हवीत, आठवड्यातून दोन दिवस, सारख्या अंतराने. समजा हिवाळ्यात ३५ दिवस, सरासरी १४०. पावसाळ्यात ३५, सरासरी ५०. उरलेल्या महिन्यांत ३४, सरासरी ११०. वार्षिक आकडा १००.

मोटर जळाली आणि हिवाळ्याचे १५ दिवस बुडाले, तर उरलेल्या ८९ दिवसांची सरासरी ९३. तेच १५ दिवस पावसाळ्यात बुडाले तर १०८. दोन्ही वर्षी हवा तीच, आणि फरक १५चा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा २०१७च्या तुलनेत धुळीत २० ते ३० टक्के घट हे उद्दिष्ट होतं, पुढे ते ४० टक्के झालं. नागपूर त्या कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे. शहराची प्रगती वार्षिक पीएम १०वर जोखली जाते, त्यामुळे एका जळक्या मोटरने उद्दिष्टाचा काही भाग गाठलेला दिसू शकतो.

उपाय जुनाच आहे. वर्षाची सरासरी थेट काढायची नाही. आधी प्रत्येक महिन्याची, मग बारा महिन्यांची. ज्या महिन्यात ठरलेल्या दिवसांपैकी तीन चतुर्थांश नसतील तो महिना रिकामा ठेवायचा, आणि हिवाळ्याचे दोन महिने रिकामे असतील तर त्या वर्षाचा आकडा द्यायचाच नाही.

आणि दिवस कोणते, तेही बघायचं. सोमवार-गुरुवार असं पक्कं बसलं की रविवार वर्षभर येत नाही, आणि लक्ष्मीपूजनाची रात्र काही वर्षी येते, काही वर्षी हुकते.

निर्देशांक घेऊन कल काढू नये

वर्तमानपत्रात छापून येतो तो एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. रोज संध्याकाळी ४ वाजता केंद्रीय मंडळाचं पत्रक निघतं, त्यात शहराचा एक आकडा असतो. तो एका दिवसाच्या सल्ल्यासाठी आहे: आज दम्याच्या माणसाने फिरायला जावं का. त्यात प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून सगळ्यांत मोठा तेवढा घेतात. पीएम १० जर १५० असेल तर उपनिर्देशांक १३४च्या आसपास. त्याच हवेत पीएम २.५ जर ७५ असेल तर १४९. केंद्रात आधी पीएम १०च मोजत असतील आणि नंतर पीएम २.५चं यंत्र आलं, तर त्याच हवेला १५ गुण जास्त मिळतात. निर्देशांकाची पट्टीही सरळ नाही. पीएम १० शंभरचा अडीचशे झाला तर निर्देशांक १०० गुणांनी वाढतो, पण पुढचे तेवढेच गुण त्यानंतरच्या फक्त १०० मायक्रोग्रॅमांत येतात. अशा पट्टीवरच्या आकड्यांच्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. 'निर्देशांक २००च्या आत असलेले दिवस' हे मोजमाप त्याहून ढोबळ. १९८ आणि २०२ यांत हवेच्या दृष्टीने फरक नाही, हिशेबात आहे.

सांधा

एसपीएम आणि पीएम १० यांचा सांधा जुन्या वह्यांतच आहे. सायक्लोनवाला सॅम्पलर फिल्टरवरची धूळ आणि कपातली धूळ वेगवेगळी देतो. दोन्ही जोडली की एसपीएम, नुसता फिल्टर म्हणजे पीएम १०. १९९४च्या मानकांच्या काळात एकाच पाळीतून हे दोन्ही आकडे निघत होते. त्या वर्षांचं गुणोत्तर प्रत्येक केंद्राचं आणि प्रत्येक ऋतूचं वेगळं काढावं. लूच्या दिवसांत जाड धूळ भरमसाट असते, हिवाळ्यात धूर जास्त. सगळ्या वर्षाला एकच गुणक लावला तर जुना उन्हाळा फुगतो. आणि ते गुणोत्तर लावून मागची वर्षं पीएम १०मध्ये बदललीच, तर तो भाग तुटक रेषेने काढावा.

पेपर आणि बीटा यंत्र यांचा सांधा शेजारी-शेजारी चालवूनच बसतो. दोन्ही इनलेट एकाच उंचीवर, मध्ये दोन-तीन मीटर अंतर, आणि किमान बारा महिने. दोन महिन्यांत उरकलेली तुलना फक्त त्या दोन महिन्यांपुरती खरी. प्रत्येक ऋतूत निदान २० जोड्या जमल्या की गुणक काढायचा, आणि तो स्थिर नसेल तर आधी हीटर, मग घनमीटरची सेटिंग, मग प्रवाह, या क्रमाने तपासायचं. प्रवाह बाहेरच्या मीटरने महिन्यातून एकदा तपासायचा, यंत्राच्या पडद्यावरचा आकडा खरा धरायचा नाही.

केंद्रांचा सांधा सगळ्यांत सोपा, आणि तोच सगळ्यांत जास्त राहून जातो. चार केंद्रं अ, ब, क, ड. पातळ्या ८०, ११०, १३०, १००. एकटं अ होतं तोवर शहर ८०, आज १०५. वाढ ३१ टक्के, हवा जशीच्या तशी. म्हणून कल काढताना दोन रेषा ठेवायच्या. एक फक्त अची, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. दुसरी चौघांची, चारही सुरू झाल्याच्या तारखेपासून पुढे. दुसरी रेष मागे ओढायची नाही. शहराची हवा आज कशी आहे याला दुसरी रेष उत्तर देते, बदलली का याला पहिली, आणि तेही फक्त त्या कोपऱ्यापुरतं.

तेवढ्याने भागत नाही, कारण पाऊस आहे. ऑक्टोबर कोरडा गेला की धूळ लवकर उठते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात एखादी अवकाळी सर आली की आठवडा धुऊन निघतो. म्हणून वर्षांची तुलना करताना पावसाचे दिवस वगळून, वारा मंद असलेल्या दिवसांची वेगळी सरासरी बघावी. वारा उत्तरेकडून असतानाचे दिवस वेगळे काढले तर वीज केंद्रांकडून येणाऱ्या हवेचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी केंद्रावरचं वाऱ्याचं यंत्र झाडाच्या आडोशाला नसावं. सिव्हिल लाइन्ससारख्या झाडीच्या भागात हे बोलायला सोपं आहे.

प्रत्येक केंद्रावर शेवटी एक साधी वही लागते, छापील पानांची. यंत्राचा नंबर आणि ते बदलल्याची तारीख. घनमीटर प्रत्यक्ष की प्रमाणित. इनलेटची उंची. शेजारी बांधकाम किंवा सिमेंट रस्त्याची खोदाई कधी सुरू झाली, कधी संपली. कुठल्या दिवशी वीज गेली आणि किती मिनिटं. कूलर कुठे बसला. जुना सॅम्पलर काढून न्यायला गाडी येईल, त्या दिवशी ही वही तिच्याबरोबर भंगारात जाऊ द्यायची नाही. तिची पानं स्कॅन करून आकड्यांच्याच फोल्डरमध्ये, त्याच वर्षाखाली ठेवायची.